शिक्षक एकटा, म्हणून भाषाही एकटी

इंदूर मराठीला परके नाही. होळकरांच्या या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरली. लेखकाला तेथे व्यासपीठ मिळाले, रसिकाला सभा मिळाली. पण संमेलनाचा मांडव उतरल्यावर मुलांना मराठी अक्षरे गिरवून देणारा शिक्षक कोणाच्या आधाराने उभा राहतो? महाराष्ट्राबाहेर तो बहुधा आपल्या शाळेत एकटाच असतो.

त्याचे काम मात्र सोपे नाही. लिपी एक असल्याने हिंदी वाचणारे मूल मराठीही सहज वाचील, हा भ्रम आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही; म्हणून घरी मराठी बोलणारे मूलही शाळेच्या प्रभावाने ‘माझी पुस्तक’, ‘आंबट दही आणला’ असे बोलू लागते. ‘चांगला’ आणि ‘चिमणी’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण उच्चार भिन्न. महाराष्ट्रातील मुलाच्या कानावर हा भेद जन्मापासून पडत असतो. इंदूरच्या मुलाला तो शिकवावा लागतो. अनुभवी शिक्षक त्यासाठी स्वतःच्या युक्त्या शोधतो. तो निवृत्त झाला की त्याही त्याच्याबरोबर जातात आणि नवा शिक्षक पुन्हा श्रीगणेशा करतो. ही उधळपट्टी व्यावसायिक संघटनाच थांबवू शकते. पाठांची टाचणे, चुकांच्या नोंदी आणि प्रश्नपत्रिका जतन करणे हे तिचे पहिले कार्य.

दुसरे कार्य हक्काचे. १९५६ साली संविधानात आलेले कलम ३५०-क सांगते की, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. पण किती मुले, कोणत्या शाळेत, किती पदे रिक्त, हे आकडे मांडल्याशिवाय कलम हलत नाही. एकट्या शिक्षकाचा अर्ज ‘वैयक्तिक गाऱ्हाणे’ ठरतो. तोच अर्ज संघटनेने केला की ती भाषिक समाजाची मागणी होते.

येथे बेळगाव-निपाणीच्या बांधवांनीही एक भेद ध्यानात घ्यावा. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या विधान परिषदांत शिक्षक मतदारसंघ आहेत. माध्यमिक व त्यावरील शिक्षक आपले प्रतिनिधी निवडतात. मध्य प्रदेशात विधान परिषदच नाही. तेथील शिक्षकाला सभागृहाचे ते दार मिळालेलेच नाही. मग संघटना हाच त्याचा आवाज नव्हे काय?

कोणी म्हणेल, संघटना म्हणजे संप, बदल्या आणि पुढारीपण. दोष असतात, हे मान्य. पण घर गळते म्हणून कोणी उघड्यावर राहत नाही, छप्पर शाकारतो. कोणी म्हणेल, साहित्यसंस्था आहेतच. त्या वंदनीयच, पण साहित्यसंस्था तयार वाचकाला भेटते, शिक्षक तो वाचक घडवतो. वाचकच घडला नाही, तर पुढच्या संमेलनात श्रोते कोठून येणार?

म्हणून इंदुरातील, बऱ्हाणपुरातील, बेळगावातील प्रत्येक मराठी शिक्षकाला आग्रहाचे सांगणे आहे : आपल्या गावी संघटना असेल तर सभासद व्हा, नसेल तर शेजारच्या दोन शाळांतील दोघांना गाठा आणि आरंभ करा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तो दर्जा दिल्लीने दिला. ती भाषा पुढच्या पिढीच्या जिभेवर टिकवायची आहे शिक्षकाने, आणि ते एकट्यादुकट्याचे काम नाही.