गल्ला मांडण्याआधी वाट आखा

खानदेशातून सुरतेला येऊन स्थिरावलेल्या भावाबहिणींनो,

हजीऱ्याहून निघणारा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग व्यारा, नवापूर करत धुळे, जळगाव, अकोला, अमरावतीवरून नागपूरकडे जातो. जुने ड्रायव्हर त्याला अजून ६ नंबरच म्हणतात. ज्या रस्त्याने आपण इकडे आलो, त्याच्याच काठी आपल्यातले कित्येक जण आता धंदा टाकू पाहतात. कुणाचा चहा-नाश्ता, कुणाचं पंक्चर, कुणाचा ढाबा. पोलादाचा कारखाना, खताचा कारखाना आणि बंदर जवळ असल्याने इच्छापोर ते हजीरा या पट्ट्यात अवजड गाड्यांची वर्दळ मोठी. गिऱ्हाईक मिळेल. पण ते रस्ता सोडून तुमच्याकडे कसं वळेल आणि परत रस्त्याला कसं लागेल, याचा विचार पत्रे ठोकण्याआधी करा, ही हात जोडून विनंती आहे.

साधा हिशोब बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला अडथळा दिसून, ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत ८० मीटर मोकळे लागतात, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. ताशी ८० चा वेग असेल तर १२० मीटर. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा दुचाकीवर बसून नियोजित फाटकाच्या तोंडाशी थांबा आणि येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने बघा. तेवढा रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तर फाटकाची जागा बदला. वळणावर, पुलाच्या उतारावर, चौकाला किंवा डिव्हायडरच्या कटाला चिकटून फाटक नकोच.

दुसरी गोष्ट परवानगीची. राष्ट्रीय महामार्गाला वाट जोडण्याचा हक्क जमीन आपली आहे म्हणून आपोआप मिळत नाही. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे त्याला महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा आहे, राज्याच्या मार्ग व मकान विभागाचा, महापालिकेचा की जीआयडीसीचा, हे भाडेकरार करण्याआधी विचारा. जागा भाड्याची असेल तर परवानगीचा कागद मालकाकडून डोळ्यांनी बघून घ्या. बिनपरवाना वाट बंद झाली, तर डिपॉझिट आणि बांधकाम दोन्ही अडकून पडतं.

आता आखणी. पुष्कळ जण दर्शनी भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा ठेवतात. गिऱ्हाईक कुठूनही शिरू शकेल, असा हिशोब. पण गाडी नेमकी कुठून वळणार, हे मग मागच्या ड्रायव्हरला कळत नाही. आत शिरायला एक आणि बाहेर पडायला दुसरी, अशा दोनच वाटा ठेवा. मधला भाग रंगवलेल्या दगडांनी किंवा कठड्याने बंद करा. तो कठडा बुटका हवा, म्हणजे नजर अडणार नाही.

नुसता ४० फुटी कंटेनरच सव्वाबारा मीटरचा. पुढे इंजिनाचं तोंड वेगळं. आतल्या टपरीपाशी त्याला थांबावं लागलं, तर त्याची शेपटी रस्त्यावर राहते. म्हणून रस्त्याची कड आणि पहिला आडोसा यांत एक अख्खा ट्रेलर मावेल एवढी जागा सोडा. अंगणात फक्कीने वळण आखा आणि ओळखीच्या ट्रेलरवाल्याला दाखवा. तो म्हणाला, ‘भाऊ, नाही वळणार’, तर ऐका. जागा तेवढी नसेल, तर ट्रेलरचं गिऱ्हाईक घेऊच नका. आलेली गाडी रिव्हर्समध्ये महामार्गावर काढायची वेळ कधीही येऊ देऊ नका.

पावसाळाही आताच आठवा. रस्त्याकडेची चारी मातीने बुजवू नका. परवानगीत सांगितल्याप्रमाणे पाइप टाकून मोरी बांधा. अंगणाचा उतार रस्त्याकडे राहिला, तर मुरूम वाहून डांबरावर येतो आणि पाळी सुटून घरी निघालेला दुचाकीवाला त्यावर घसरतो.

ज्यांचा धंदा आधीच चालू आहे, त्यांनी येत्या सुट्टीत एवढं तरी करावं. साइडपट्टीवरचे टायर, बाकडी आणि बोर्ड आत घ्या. दिव्याचा झोत ड्रायव्हरच्या डोळ्यांत न जाता फाटकावर पडू द्या. समोरच्या बाजूच्या गिऱ्हाईकासाठी डिव्हायडर फोडू नका. पुढच्या अधिकृत कटावरून वळून यायला सांगा. राँग साइडने आलेल्याला आपला माणूस समजून प्रेमानेच, पण ठामपणे टोका.

यात थोडा पैसा जाईल, चार खुर्च्यांची जागा कमी होईल. ती होऊ द्या. तुमच्याकडे चहाला थांबलेला माणूस रात्री आपल्या घरच्या जेवणाला पोहोचला पाहिजे, आणि त्याची निम्मी जबाबदारी तुमच्या फाटकावर आहे.