न वापरलेल्या तिकिटाचा धनी कोण?

सामान्य माणसाला विमानप्रवास परवडू लागला, याचे श्रेय स्वस्त दराच्या विमान कंपन्यांना दिलेच पाहिजे. २००३ साली एअर डेक्कनने आपल्या देशात या सेवेचा प्रारंभ केला आणि एरवी आगगाडीने जाणारा मध्यमवर्गीय गृहस्थ विमानतळावर दिसू लागला. परंतु या स्वस्ताईला एक जाचक अट जोडलेली आहे. दोन महिने आधी काढलेले तिकीट घरातील आजारपणामुळे वा मुलाची परीक्षा पुढे गेल्यामुळे निरुपयोगी ठरले, तर ते दुसऱ्यास देता येत नाही, विकता येत नाही; आणि रद्द करावे, तर हाती फारसे काही पडत नाही.

प्रवाशाला नियमांचे संरक्षण मुळीच नाही, असे नव्हे. तिकीट रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असू नये आणि सवलतीच्या तिकिटावरही सरकारी कर व विमानतळाची शुल्के परत मिळावीत, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ मध्ये ठरवून दिले. पण याचाच दुसरा अर्थ असा की, मूळ भाडे सबंध गिळंकृत करण्यास कंपनीला मोकळीक आहे. शिवाय मोकळी झालेली जागा ती पुन्हा विकू शकते, आणि उड्डाणाच्या तोंडावर बहुधा चढ्या दराने!

या बंदीच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. वास्तविक प्रवाशाची ओळख प्रवासाच्या दिवशी विमानतळाच्या दारातच तपासली जाते. तिकिटावरील नाव आदल्या दिवशी बदलले असले, तरी ओळखपत्र त्याच्याशी जुळले म्हणजे झाले. युरोपातील रायनएअर ही स्वस्त दराची कंपनी नाव बदलून देते; मात्र संकेतस्थळावरून ११५ आणि विमानतळावर १६० युरो आकारते. पुष्कळदा मूळ तिकीटच याहून स्वस्त असते. सुरक्षिततेला जे वर्ज्य, ते ११५ युरो मोजताच ग्राह्य कसे ठरते?

खरे कारण व्यापारी आहे. तिकिटे हस्तांतरणीय झाली, तर दलाल ती आधी स्वस्तात उचलतील आणि मागाहून चढ्या भावाने विकतील, ही कंपन्यांची भीती आहे. चित्रपटगृहाबाहेरचा काळा बाजार पाहिलेल्या कोणालाही ती अनाठायी वाटणार नाही. पण दलालांच्या भयाने सरळमार्गी कुटुंबाला भुर्दंड बसविणे, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होय.

यातून मार्ग आपल्याच रेल्वेने काढलेला आहे. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास निश्चित झालेले आरक्षण आईवडील, भावंडे, मुले किंवा पती-पत्नी यांच्या नावे एकदा करून मिळते. तिकिटांचा अनधिकृत धंदा करणाऱ्यास मात्र १९८९ च्या रेल्वे कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. कुटुंबाला सवलत आणि दलालाला शासन, असा विवेक जेथे रेल्वेला साधतो, तेथे विमान कंपन्यांना तो का साधू नये?

महासंचालनालयाने विमानाच्या तिकिटालाही हीच सवलत लागू करावी, नाव बदलण्याचा आकार प्रत्यक्ष खर्चापुरता मर्यादित ठेवावा आणि तो तिकीट घेतानाच प्रवाशास स्पष्ट सांगणे बंधनकारक करावे. नफ्यासाठी पुनर्विक्री करण्याची मुभा आम्ही मागत नाही. पूर्ण दाम मोजून घेतलेल्या जागेवर आपल्याऐवजी आपला भाऊ बसावा, एवढीच प्रवाशाची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.