विद्यापीठाचे एकच कार्ड : सोय विद्यार्थ्याची, किल्ली कोणाची?

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत ऑगस्टच्या उत्तरार्धात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या एकदोन दिवसांतच छायाचित्र असलेले एक कार्ड पडते. पुढची चार वर्षे वसतिगृहाचे दार, भोजनगृह, ग्रंथालय, छपाईयंत्र, व्यायामशाळा, कपडे धुण्याचे यंत्र आणि अनेक शहरांत सार्वजनिक बससुद्धा याच कार्डावर चालते. ड्यूक विद्यापीठात ते 'ड्यूककार्ड', अ‍ॅरिझोना विद्यापीठात 'कॅटकार्ड', सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 'हस्की कार्ड' म्हणून ओळखले जाते. नावे वेगळी असली, तरी कल्पना एकच आहे : एका व्यक्तीची एक ओळख आणि त्या ओळखीवर सर्व सेवा.

हा विषय आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजार १९ भारतीय विद्यार्थी होते. सलग दुसऱ्या वर्षी कोणत्याही देशाहून ही संख्या अधिक ठरली. याखेरीज येथेच जन्मलेल्या मराठी मुलांची पिढी आता महाविद्यालयांत आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून प्रथमच आलेल्या विद्यार्थ्याजवळ ना सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो, ना वाहनपरवाना, ना येथील पतपेढ्यांना मान्य असलेला पतइतिहास. पारपत्र खिशात घेऊन रोज हिंडणे शहाणपणाचे नसते. अशा विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाचे कार्ड ही या देशातील पहिली स्थानिक ओळख असते.

या कार्डाचे लाभ खरे आहेत आणि ते केवळ सोयीपुरते मर्यादित नाहीत. धातूची किल्ली हरवली, तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवले, तर ते काही क्षणांत निष्क्रिय करून दुसरे देता येते. एकेकाळी अनेक अमेरिकी विद्यापीठे सोशल सिक्युरिटी क्रमांकच विद्यार्थी क्रमांक म्हणून वापरत. ओळखचोरीचा तो राजमार्गच होता. विद्यापीठाने स्वतःचा स्वतंत्र क्रमांक देऊन कार्डाशी जोडल्यावर तो धोका पुष्कळ कमी झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात १९९१ मध्ये सुरू झालेला 'यू-पास' हा सार्वजनिक वाहतुकीचा सवलतीचा पास हस्की कार्डाशी जोडला गेला आणि कार्ड विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर शहरातही उपयोगी पडू लागले.

आणखी एक लाभ सहजी नजरेत येत नाही. भोजनगृहाच्या दाराशी सर्वांची कार्डे सारखीच दिसतात. कोणाचे जेवण आईवडिलांच्या पैशांतून येते आणि कोणाचे शिष्यवृत्तीतून, हे रांगेतल्या कोणालाही कळत नाही. याच व्यवस्थेमुळे एका विद्यार्थ्याच्या खात्यात उरलेली जेवणे दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करणे शक्य झाले. यूसीएलएच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या अशाच प्रयत्नातून पुढे 'स्वाइप आउट हंगर' ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. वेगळा कागद दाखवून मदत घेण्यातली लाज या कार्डाने पुसली, ही त्याची मोठी सामाजिक कमाई मानली पाहिजे.

मात्र अनेक सेवा एका ठिकाणी बांधल्या की ती गाठ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. अमेरिकेचा गेल्या दीड दशकाचा अनुभव या प्रश्नाच्या तीन बाजू दाखवतो.

पहिली बाजू पैशाची. विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्याची शिल्लक रक्कम त्यांना पोहोचवण्याचे काम अनेक विद्यापीठांनी 'हायर वन' या खासगी कंपनीकडे सोपवले होते. त्यासाठी मिळणाऱ्या कार्डावर विद्यापीठाचे बोधचिन्ह ठळक असे. त्यामुळे हे खाते विद्यापीठानेच पुरस्कृत केले आहे, असा समज होणे स्वाभाविक होते. शुल्काची माहिती आणि हे खाते न उघडताही पैसे मिळवण्याचे पर्याय मात्र पुरेसे स्पष्ट केले जात नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये फेडरल रिझर्व्हने या कंपनीला सुमारे ५ लाख ७० हजार विद्यार्थ्यांना एकूण २ कोटी ४० लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी शिक्षण खात्याने नियम कडक केले आणि जुलै २०१६ पासून विद्यार्थ्यावर विशिष्ट खाते उघडण्याची सक्ती करता येईनाशी झाली. ओळखपत्रावरचा विश्वास वित्तीय उत्पादन खपवण्यासाठी वापरला जाऊ शकतो, हा यातला धडा आहे.

दुसरी बाजू माहितीची. प्रत्येक वेळी कार्ड टेकवले की वेळ आणि ठिकाण यांची नोंद होते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील प्राध्यापिका सुधा राम यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या कॅटकार्डांच्या तीन वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. त्या नोंदींतून व्यक्तीची ओळख काढून टाकलेली होती. विद्यार्थी कोणाबरोबर वावरतो, त्याच्या दिनक्रमात नियमितपणा किती आहे, यावरून कोण शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज बांधता येतो, असे या संशोधनातून दिसले. हेतू उदात्त होता : एकाकी पडलेल्या विद्यार्थ्याला वेळीच हात देणे. परंतु ज्या नोंदींवरून एकटेपणा ओळखता येतो, त्यांच्यावरून मैत्रीही ओळखता येते, उपासनेला जाणेही आणि सभेला जाणेही. १९७४ चा 'फर्पा' कायदा शैक्षणिक नोंदी बाहेर देण्यावर निर्बंध घालतो. तथापि वैध शैक्षणिक कारण असल्यास संस्थेअंतर्गत वापरासाठी तो विद्यार्थ्याची संमती मागत नाही.

तिसरी बाजू दार बंद करण्याच्या सत्तेची. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आंदोलनानंतर शेजारच्या संलग्न बर्नार्ड महाविद्यालयाने काही विद्यार्थिनींना निलंबित केले. त्यांना वर्गासोबत वसतिगृह आणि भोजनगृहही बंद झाले. त्या आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो, येथे प्रश्न प्रक्रियेचा आहे. पूर्वी खोली सोडायला लावणे, खानावळ बंद करणे, ग्रंथालयाचे सभासदत्व काढणे हे वेगवेगळ्या कार्यालयांचे वेगवेगळे निर्णय असत आणि प्रत्येकाला काही वेळ लागे. तो विलंब हेही एक प्रकारचे संरक्षण होते. आता सर्व दारे एकाच नोंदीवर उघडत असल्याने एका आदेशाने ती सर्व मिटू शकतात. परदेशातून आलेल्या, जवळ नातेवाईक नसलेल्या विद्यार्थ्यावर याचा आघात सर्वाधिक होतो.

कार्ड आता प्लास्टिकमधून फोनमध्ये जात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ड्यूक, अलाबामा आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांपासून अ‍ॅपलच्या वॉलेटमधील विद्यार्थी ओळखपत्रांची सुरुवात झाली. विसरण्याची भीती कमी झाली. पण फोन नादुरुस्त झाला तर पर्यायी कार्ड मिळणार की नाही, हे संस्थेच्या धोरणावर अवलंबून राहिले. प्लास्टिकचे काही गुणही आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार जुलै २०१९ पासून विद्यार्थी ओळखपत्रांवर आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांक छापणे बंधनकारक झाले. खिशातला तो क्रमांक चार्जिंगची वाट पाहत नाही.

भारतातही 'एक राष्ट्र, एक विद्यार्थी ओळख' या घोषणेखाली 'अपार' हा १२ अंकी क्रमांक दिला जात आहे. दोन्हींत मूलभूत फरक आहे. अमेरिकी कार्ड एका संस्थेचे असते आणि पदवीबरोबर त्याचे अधिकार संपतात. अपार देशव्यापी आहे, आधारशी जोडलेला आहे आणि शालेय जीवनापासून पुढे आयुष्यभर सोबत राहावा अशी त्याची रचना आहे. गुणपत्रिका आणि श्रेयांक एकत्र राहिल्याने विद्यापीठ बदलणाऱ्याची पायपीट वाचेल, हा लाभ मोठा आहे. पण व्याप्ती वाढते तशी चुकीची किंमतही वाढते. नावातील एका अक्षराची तफावत येथे एका भोजनगृहापुरती राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले होते. अपारसाठी घेतली जाणारी पालकांची संमती ही कागदावरची सही ठरू नये, यासाठी त्या निकालाची आठवण ठेवणे आवश्यक आहे.

म्हणून एकच कार्ड असावे की नसावे, हा वाद आता मागे पडला आहे, ते असावेच. वाद त्याच्या अटींचा असला पाहिजे. ओळख आणि बँक खाते वेगळे राहावे. येण्याजाण्याच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट व्हाव्यात आणि ती मुदत जाहीर असावी. शिस्तभंगाची चौकशी चालू असताना निवारा आणि अन्न यांची दारे आपोआप बंद होऊ नयेत. त्यासाठी स्वतंत्र, कारणे नमूद केलेला आदेश लागावा. मुलांना विद्यापीठात सोडायला जाणारे पालक भोजनयोजनेचे दर बारकाईने विचारतात. त्याच खिडकीशी हे तीन प्रश्नही विचारले गेले, तर विद्यापीठांना त्यांची लेखी उत्तरे तयार ठेवावी लागतील.