'एक्सपेरिमेंटल' म्हणजे नक्की काय रे भाऊ?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या घरची वीज गेली आणि तिच्याबरोबर ताईच्या लग्नाचे फोटोही गेले.

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करतो. घरातल्या जुन्या पीसीचा मी फाइल सर्व्हर केला होता. एका रविवारी हौसेने लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करायला बसलो. मेनूकॉन्फिगमध्ये एका फाइलसिस्टिमचा नवा पर्याय दिसला. पुढे कंसात 'एक्सपेरिमेंटल' असं लिहिलेलं. मी वाय दाबलं आणि पुढे गेलो. त्या दिवशी वीज परत आली, पण डिस्क काही माउंट होईना. बॅकअप? हसू नका!

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, धोका आहे असं लिहिलं नव्हतं का तिथे?"

"लिहिलं होतं गं. पण ते काय, सगळीकडेच लिहिलेलं असतं."

बोलून गेलो खरा, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आपल्याकडे 'पुढे काम चालू आहे' हा बोर्ड काम संपल्यावरही सहा महिने तसाच उभा असतो. मग एक दिवस खरंच खड्डा असतो आणि कोणीच ब्रेक मारत नाही. दोष कोणाचा? गाडीवाल्याचा आहेच. पण बोर्ड न उचलणाऱ्याचा नाही का?

कर्नलवाल्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. पूर्वी 'कॉन्फिग एक्सपेरिमेंटल' नावाचा एक मुख्य स्विचच होता. तो चालू केला नाही तर कच्चे पर्याय मेनूत दिसायचेच नाहीत. कल्पना झकास! पण रोजच्या वापरातले ड्रायव्हर्सही वर्षानुवर्षे त्याच दारामागे पडून राहिले, म्हणून डिस्ट्रोवाले तो स्विच सरसकट चालू ठेवू लागले. शेवटी २०१२ मध्ये कीस कुक यांनी या स्विचला आता फारसा अर्थ उरलेला नाही म्हणून तो काढायचं काम हाती घेतलं, आणि २०१३ मध्ये तो गेला. योग्यच झालं. पण शब्द मात्र राहिला. आता तो ज्याने त्याने हाताने लिहायचा, आणि काढायची आठवण कोणालाच नाही. यूबीआय फास्टमॅप हा पर्याय २०१२ च्या ३.७ आवृत्तीत आला. दहा वर्षांनंतरही त्याच्यापुढे 'एक्सपेरिमेंटल' होतंच. दहा वर्षं चालणारा प्रयोग हा प्रयोग असतो की सवय?

आता कोणीतरी म्हणणारच, "कर्नल स्वतः कंपाइल करतोस ना, मग हेल्प वाच. खात्री नसेल तर एन दाब असं तिथे लिहिलेलं असतं." मान्य. माझ्यापुरतं मान्य. पण ताईने कुठे कर्नल कंपाइल केला होता? मेनूतला शब्द फक्त कंपाइल करणाऱ्याला दिसतो. ज्याचा डेटा जातो, त्याला तो कधीच दिसत नाही. बहुतेकांचा कर्नल तर डिस्ट्रोने बांधलेला असतो.

बरं, हे नीट करता येत नाही असंही नाही. ईएक्सटी४ कच्ची होती तेव्हा, २००६ ते २००८, तिचं नावच 'ईएक्सटी४डेव्ह' होतं. पुढे तर 'ही चाचणीची फाइलसिस्टिम आहे' असा फ्लॅग डिस्कवर स्वतः लावल्याशिवाय ती माउंट होत नसे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या स्टेजिंग डिरेक्टरीतला ड्रायव्हर लोड केला की कर्नल लॉगमध्ये ताकीद देतो आणि स्वतःवर तसा डागही लावून घेतो. एक्सएफएसमध्ये रीफ्लिंक २०१६ साली ४.९ मध्ये आलं, तेव्हा ते वापरताना लॉगमध्ये इशारा यायचा. २०१८ मध्ये ४.१६ ला तो काढला. बोर्ड लावला, काम केलं, बोर्ड उचलला. इतकं साधं आहे.

उलट उदाहरण बीकॅशएफएसचं. जानेवारी २०२४ मध्ये ६.७ बरोबर ती 'एक्सपेरिमेंटल' म्हणून आत आली. मग भांडण लागलं. लोकांचा खरा डेटा तिच्यावर आहे, म्हणून दुरुस्त्या ताबडतोब घ्या, असं तिचा लेखक म्हणे. एक्सपेरिमेंटल आहे ना, मग घाई कसली, नियम पाळा, असं बाकीचे म्हणत. शब्द एकच, अर्थ दोन! भांडणाला इतरही कारणं होती, पण २०२५ मध्ये ६.१८ आली तेव्हा ती फाइलसिस्टिम कर्नलमधून बाहेर पडलेली होती. मधल्या मध्ये वापरणाऱ्यांनी काय समजायचं होतं?

माझं मागणं फार नाही. 'एक्सपेरिमेंटल' लिहायचं असेल तर खाली तीन ओळी सक्तीच्या करा. काय बिघडू शकतं: डेटा जाईल, मशीन अडकेल, की नुसता इंटरफेस बदलेल? काय पूर्ण झालं की हा शब्द निघेल? आणि कोणत्या आवृत्तीला तो पुन्हा तपासणार? डेटा जाण्याचा धोका असेल तर मेनूत लिहून भागणार नाही, माउंट करतानाही सांगा. तीन ओळी लिहायचा कंटाळा येत असेल तर तो शब्दच लिहू नका. अर्धवट सूचनेपेक्षा ते बरं, निदान माणूस स्वतः चौकशी तरी करतो.

आणि हे फक्त कर्नलवाल्यांना नाही सांगत आहे. आपल्या ऑफिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वी 'बीटा' म्हणून टाकलेला फ्लॅग आठवतोय? सोमवारी जाऊन बघा. मी गेल्या सोमवारी पाहिले. चार सापडले. त्यातले दोन माझेच.

असो. ताईने मला माफ केलंय. फोटोग्राफरकडे काही फोटो शिल्लक होते, ते मिळाले. हळदीचे मात्र सगळे मी माझ्या कॅमेऱ्याने काढले होते.