खिडकीतून आलेला प्रश्न

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं म्हणतात. सरकारी कचेऱ्यांचा कारभार तर याच न्यायानं चालतो. मागेल त्याला मिळेल; न मागणाऱ्याची चौकशी कोण करणार? पण मताच्या हक्काचं काय? मतदारयादीत नाव घालण्यासाठी नागरिकानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, की सरकारनंच त्याला ‘तुमचं नाव घालायचं का?’ असं विचारायचं?

अमेरिकेनं १९९३मध्ये या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं. तोवर तिथं नावनोंदणी हा नागरिकाचा स्वत:चा व्याप होता. दक्षिणेतल्या राज्यांत तर कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवण्यासाठी लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षा घेतल्या जात. १९६५च्या मताधिकार कायद्यानं त्यांना चाप बसला. हेलपाटे मात्र उरलेच. रोजंदारीवरच्या माणसानं मजुरी बुडवून नोंदणीची कचेरी गाठायची कधी?

मिशिगन राज्यानं १९७५मध्ये यावर साधा तोडगा काढला. गाडीच्या लायसन्ससाठी माणूस कचेरीत येतोच. तिथंच त्याचं नाव नोंदवून घ्यायचं. हीच पद्धत देशभर नेणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांनी १९९२मध्ये नकाराधिकार वापरला. पुढच्याच वर्षी, २० मे १९९३ रोजी, बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. लोकांनी या कायद्याला सुटसुटीत नाव दिलं : ‘मोटर व्होटर’.

पण ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याचं काय? कायदा करणाऱ्यांनी त्याचाही विचार केला होता. गरिबांना धान्य-किराण्यासाठी मदत देणाऱ्या, त्यांच्या औषधोपचाराचा खर्च उचलणाऱ्या आणि अपंगांना साहाय्य करणाऱ्या कचेऱ्यांवरही हीच जबाबदारी टाकण्यात आली. मदतीचा अर्ज भरताना, तो दरवर्षी नव्यानं करताना किंवा पत्ता बदलताना कर्मचाऱ्यानं विचारलंच पाहिजे, की तुम्हाला मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्याला फॉर्म द्यायचा, तो भरायला मदत करायची आणि भरलेला फॉर्म निवडणूक कचेरीकडे पोहोचवायचा. ‘नाही’ म्हटलं म्हणून मदतीत एक पैसाही कमी होणार नाही, हेही सांगायचं. कोणत्या पक्षाकडे कल आहे, यात कर्मचाऱ्यानं नाक खुपसायचं नाही.

कागदावर सगळं चोख होतं. घोडं पेंड खाल्लं ते खिडकीपाशी. कायदा लागू झाल्यावर १९९५-९६ या दोन वर्षांत मदत-कचेऱ्यांमधून सुमारे २६ लाख अर्ज आले. दहा वर्षांनी हा आकडा पाव हिश्श्याच्याही खाली घसरला. गरिबांना मतदानाचा कंटाळा आला, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. पण नागरिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. अनेक कचेऱ्यांत फॉर्मच नव्हते. कुठे कर्मचारी विचारायचंच विसरले होते. मिसुरी राज्याला २००८मध्ये न्यायालयानं कायदा पाळण्याचा आदेश दिला, आणि काही महिन्यांतच तिथली नोंदणी कितीतरी पटींनी वाढली. माणसं तीच होती, त्यांची गरिबीही तीच होती. फक्त खिडकीतून प्रश्न विचारला जाऊ लागला होता!

ओरेगॉन राज्यानं २०१६पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. लायसन्सच्या वेळी नागरिकत्वाची खात्री पटली, की नाव आपोआप यादीत जातं. नको असेल, तर नागरिकानं तसं कळवायचं.

तिकडे मुलगा-सून असलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र एक गोष्ट गाठीला बांधावी. हा प्रश्न फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यानं लायसन्सच्या कचेरीत घाईगर्दीत ‘हो’वर खूण करून सही केली, तर पुढे नागरिकत्व नाकारलं जाण्याची, प्रसंगी देशाबाहेर पाठवलं जाण्याची वेळ येऊ शकते. फॉर्म वाचल्याशिवाय सही नको.

आपल्याकडे सरकार पहिल्यापासून दारी येत आलं. पण दारी येऊनही हक्क हुकू शकतो. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना असंख्य बायकांनी परक्या माणसाला स्वत:चं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं त्यामुळे यादीतून गळली. सरकारनं विचारलं होतं, उत्तर मात्र अर्धवट राहिलं.

आज बूथ पातळीवरचा अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरी येतो. पण भाड्याचं घर बदललेल्या कुटुंबाचं, लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचं, पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या कामगाराचं नाव अजूनही जुन्याच पत्त्यावर अडकून पडतं. नव्या नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. शिवाय १८ वर्षं पूर्ण झाल्याचा हिशेब आता फक्त १ जानेवारीला होत नाही. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात.

हक्क राज्यघटनेनं दिला, हे खरं. पण तो माणसाच्या हाती पडतो, तो कुणीतरी विचारतं आणि कुणीतरी न संकोचता स्वत:चं नाव सांगतं तेव्हाच. विचारणं हे सरकारचं कर्तव्य. त्यानं विचारलं नाही, तर आपणच त्याला जाब विचारायचा.