राखणदाराची राखण कोण करणार?

नाशिक : खास प्रतिनिधी

अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रोड आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव असे टप्पे घेत धरणाच्या दिशेने जातो आणि बराचसा मार्ग गोदावरीच्या सोबतीने कापतो. नदीकाठची झाडी, मळे, द्राक्षबागा आणि त्यांच्या अधेमधे उभे राहिलेले बंगले, हे या रस्त्याचे रूप. माणसाला येथे राहावेसे वाटण्याची जी कारणे आहेत, जवळपास तीच बिबट्यालाही येथे घेऊन येतात. २५ जानेवारी २०१९ रोजी सावरकरनगरमध्ये भरदिवसा शिरलेल्या बिबट्याने एका नगरसेवकासह वार्तांकनासाठी गेलेल्या पत्रकारांनाही जखमी केले, तेव्हा हे नाते शहराला प्रथमच इतक्या उघडपणे दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको भागात आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महात्मानगरच्या आसपास त्याची पुनरावृत्ती झाली. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती पिंजऱ्याची, गर्दीची आणि वन विभागाच्या तत्परतेची. बिबट्या रात्री ज्याच्यासाठी बंगल्याच्या भिंतीवरून उडी मारतो, त्या पाळीव कुत्र्याची चर्चा मात्र अपवादानेच झाली.

जून २०२२ मध्ये नाशिक तालुक्यातील मुंगसरे येथे घराबाहेरच्या पाळीव कुत्र्याला बिबट्याने उचलून नेले. सीसीटीव्हीत टिपलेले ते दृश्य देशभरातील वृत्तवाहिन्यांवर फिरले. पाहणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय तेथेच संपला. त्या दृश्यात खरे तर नवे काहीच नव्हते. वस्तीवरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बिबट्या आल्याची पहिली खूण म्हणून तो कुत्रा नाहीसा झाल्याचेच सांगेल.

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात (जिल्हा अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. विष्ठेच्या ८५ नमुन्यांवरून निघालेला निष्कर्ष असा, की वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. मांजरांचा १२ टक्के आणि बकऱ्यांचा अवघा ११ टक्के. त्या परिसरात बकऱ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असताना हे प्रमाण आहे. संख्येने एवढ्या आणि स्वभावाने गरीब अशा बकऱ्या सोडून बिबट्या दात असलेल्या प्राण्याच्या वाटेला का जातो? उत्तर बिबट्याच्या आवडीनिवडीत शोधण्याचे कारण नाही. बकरी दिवसा राखोळीत असते आणि रात्री कूड घातलेल्या गोठ्यात किंवा थेट घरात. कुत्रा मात्र रात्रभर बाहेर असतो.

तो बाहेर असतो, कारण आपण त्याला तेथे ठेवतो. कुत्र्याने राखण करायची आणि मालकाने झोपायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. चोर, परका माणूस, फार तर कोल्हा, एवढ्यापुरती ती रास्तही होती. बिबट्याच्या बाबतीत ती उलटते. कुत्रा भुंकतो आणि आपला ठावठिकाणा सांगून बसतो. साखळीला बांधलेला असेल तर पळण्याची वाटही त्याला नसते. वन विभाग पिंजरा लावताना आत सावज म्हणून बकरी किंवा कोंबड्या ठेवतो. पोर्चमध्ये साखळीने बांधलेल्या लॅब्रॅडॉरची स्थिती त्या सावजाहून फारशी वेगळी नाही, आणि त्याच्याभोवती तर पिंजऱ्याच्या गजांचेही संरक्षण नाही.

कुंपणाच्या भिंतीवर विसंबण्यात अर्थ नाही. सावज तोंडात धरून झाडावर चढणाऱ्या जनावराला सहा फुटांची भिंत ही अडचण नव्हे. खात्रीचा उपाय एकच आणि तो बिनखर्चाचा आहे : दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रा घरात, दाराच्या आत. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी बंदिस्त खुराडे करावे. मात्र त्याला वरून छत हवे, जाळी जाड व पक्क्या चौकटीत बसवलेली हवी आणि कुत्र्याला साखळी नको. रात्री जेवणानंतर कुत्र्याला फिरवण्याची पद्धत नदीकाठच्या वसाहतींत रूढ आहे. ती वेळ अलीकडे घ्यावी, पट्टा आखूड धरावा, विजेरी सोबत असावी आणि झाडोऱ्याकडे कुत्रा अडून गुरगुरू लागला तर त्याला पुढे ओढू नये. हल्ला झालाच तर आरडाओरडा करावा, भांडी वाजवावीत, दिवे लावावेत. हाताने सोडवायला धावू नये. सुटलेल्या कुत्र्याच्या मानेवर वरून दिसणारी जखम लहान असली तरी दात खोलवर गेलेले असतात. हळद भरून सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते, त्याच रात्री पशुवैद्य गाठावा.

परसात येणारे इतर पाहुणे किरकोळ वाटतात, पण दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. रात्री बाहेर राहिलेल्या कुत्र्याच्या ताटलीवर उंदीर येतात, उंदरांमागे साप. नाग किंवा घोणस दिसली, की कुत्रा नाक पुढे करतोच आणि दंश बहुधा तोंडावर होतो. सर्पदंशावरील प्रतिविष कुत्र्यालाही लागू पडते. विलंब तेवढा नको. मुंगसाशी झटापट झाली तर रेबीजचा विचार करावा लागतो, म्हणून वार्षिक लसीकरण चुकवू नये. रोग उलट दिशेनेही जातात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतील अनेकांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. हा आजार कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो आणि त्यावर लस आहे.

‘बिबट्या पकडा आणि लांब जंगलात सोडा’ ही मागणी दर घटनेनंतर होते. लोकप्रतिनिधींना ती सोयीची वाटते, कारण पिंजरा दिसतो, छायाचित्र निघते. जुन्नरचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. २००१ नंतर तेथे बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोठी मोहीम झाली आणि तोवर वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले तीन वर्षांच्या अखेरीस सतरावर गेले. पकडलेल्याची जागा दुसरा घेतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो. ज्या बंगल्यात कुत्रा बाहेर बांधलेला आहे, तेथे नव्याने आलेल्या बिबट्यालाही तोच बंगला सापडणार. माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याची गोष्ट निराळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात वीस दिवसांत तिघांचा बळी गेल्यानंतर बिबट्याला गोळी घालावी लागली. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसा खिळ्यांचा पट्टा गळ्यात घालून तेथील बायका शेतात जाऊ लागल्या. अशा गावाला ‘सहजीवना’चे धडे शहरात बसून कोणी देऊ नयेत.

गंगापूर रोडवरची परिस्थिती अद्याप त्या थराला गेलेली नाही. म्हणूनच येथे करता येण्याजोगे पुष्कळ आहे. मोकाट कुत्र्यांच्या झुंडी हॉटेलांच्या मागच्या उकिरड्यांवर आणि मोकळ्या भूखंडांवर पोसल्या जातात. बिबट्या त्यांच्या मागावर येतो आणि वाटेत बंगल्यातला कुत्रा त्याला आयता मिळतो. घंटागाडी दारात येत असताना उरलेले अन्न भूखंडावर फेकणारे आणि बिबट्या दिसताच दूरध्वनी करणारे बहुधा एकाच गल्लीत राहतात.

याहून गंभीर बाब बंगल्यांच्या पलीकडे आहे. नदीकडच्या अंगाला सुरू असलेल्या बांधकामांवर वॉचमनची कुटुंबे पत्र्याच्या खोलीत राहतात. उन्हाळ्यात मुले बाहेर, ओट्यावर झोपतात आणि त्यांच्या पायथ्याशी साइटवरचे दोन-तीन कुत्रे. बंगलेवाल्याला कुत्रा आत घेण्यासाठी दार आहे. वॉचमनला तेही धड नाही. बिबट्या तेथे येईल तो कुत्र्यासाठी, पण अंधारात दोन हातांवर झोपलेले मूल तो ओलांडून जाईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. बांधकाम परवानगी देताना महापालिका कामगारांच्या निवाऱ्याची अट घालते का आणि घातली तर ती तपासते का, हा प्रश्न पिंजऱ्याच्या मागणीइतक्याच जोराने विचारला गेला पाहिजे. तूर्त बांधकाम व्यावसायिकांनी त्या खोलीला पक्के दार, बाहेर एक दिवा आणि कुत्र्यांसाठी जाळीचे एक खुराडे एवढे जरी केले, तरी त्याचा खर्च एका सदनिकेच्या फरशीइतकाही येणार नाही. बिबट्या दिसल्यास वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो या खोल्यांच्या पत्र्यावर रंगवून ठेवायला तर ब्रशभर रंग पुरे.