आधी ज्योत बघा, मग शेगडी बदला

सिलिंडर नेहमीपेक्षा लवकर संपला की घरात चौकशी सुरू होते. वजन कमी भरले असेल, पाहुणे जास्त आले असतील, नाहीतर कोणीतरी गॅस उगाच चालू ठेवत असेल. ओट्यावरची शेगडी मात्र या चौकशीतून दर वेळी सुटते. ती रोज पुसली जाते, वरची काच चकचकीत असते, म्हणून ती ठीक आहे असे आपण धरून चालतो. पण काच चकचकीत असणे वेगळे आणि बर्नर नीट जळणे वेगळे. म्हणून एक विनंती आहे. नवी शेगडी किंवा बाजारातला ‘गॅस सेव्हर’ विकत घेण्यापूर्वी एकदा खाली वाकून आपल्या बर्नरची ज्योत बघा. बिघाड असला तर तो तिथे दिसतो आणि पुष्कळदा घरच्या घरी, फुकटात दुरुस्त होतो.

आधी थोडा हिशेब करू. घरगुती एलपीजी शेगडीसाठी आपल्याकडे आयएस 4246 हे मानक आहे. शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी, असे ते सांगते. म्हणजे 100 रुपयांचा गॅस जाळला तर निदान 68 रुपयांची उष्णता भांड्यात उतरली पाहिजे, बाकीची हवेत गेली तरी चालेल. एक किलो एलपीजी जळून साधारण 11,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. 25 अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला 75 किलोकॅलरी लागतात. तेव्हा 68 टक्क्यांच्या शेगडीवर एक लिटर पाण्याच्या आधणाला जेमतेम 10 ग्रॅम गॅस पुरतो. कार्यक्षमता 50 टक्क्यांवर घसरली की त्याच आधणाला साडेतेरा ग्रॅमहून अधिक गॅस जातो. प्रयोगशाळेत बर्नर स्वच्छ असतो, भांडे मापाचे असते आणि वारा नसतो. आपल्या घरात या तिन्ही गोष्टी असतीलच असे नाही. गळती होते ती इथेच.

बर्नरच्या पोटात काय चालते

नॉब फिरवला की गॅस एका छोट्या पितळी जेटमधून बाहेर पडतो. या जेटचे छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. त्यातून गॅस इतक्या जोरात सुटतो की तो जाता जाता शेजारच्या मोकळ्या जागेतून हवा आत ओढून घेतो. पुढच्या नळीत, म्हणजे मिक्सिंग ट्यूबमध्ये, दोन्ही मिसळतात आणि हे मिश्रण बर्नरच्या भोकांतून वर येऊन पेटते. एलपीजी पूर्ण जळायला त्याच्या आकारमानाच्या साधारण 25 ते 30 पट हवा लागते. त्यातली काही या नळीतून येते आणि उरलेली ज्योत आजूबाजूने घेते. शेगडीचे सगळे गणित हवेचे आहे, आणि बर्नरच्या बहुतेक तक्रारी हवेचा रस्ता बुजल्याने येतात.

वरण उतू जाते, दूध सांडते, फोडणीचे तेल उडते. हे सगळे भोकांत जाऊन जळते आणि तिथेच घट्ट बसते. खालच्या नळीत पिठाची धूळ जाते. बंद घरात झुरळे किंवा कोळी तिथे बिऱ्हाड करतात. गावाहून आल्यावर गॅस पेटवला आणि ज्योत पिवळी, लांबट दिसली, तर कोळ्याचे जाळे हे एक कारण असू शकते.

ज्योत काय सांगते

नीट जळणारी ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. प्रत्येक भोकावर फिक्या निळ्या रंगाचा टोकदार शंकू दिसतो आणि त्याभोवती गडद निळे आवरण असते. सगळ्या भोकांवरचे शंकू जवळपास सारख्या उंचीचे असले की बर्नर ठीक आहे असे समजा.

ज्योत पिवळी, मऊ आणि लवलवती असेल तर हवा कमी पडते आहे. गॅस पूर्ण न जळता त्याची काजळी होते आणि ती भांड्याच्या बुडाला चिकटते. पातेल्याचे बूड रोज काळे होत असेल तर तो भांड्याचा दोष नाही, बर्नरने केलेली तक्रार आहे. शिवाय अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो विषारी आहे. म्हणून पिवळ्या ज्योतीचा प्रश्न पैशांपुरता नाही.

ज्योत भोकांपासून सुटून वर उडत असेल आणि फुसफुस आवाज करत असेल तर हवा जास्त होते आहे. काही भोके पेटतात आणि काही पेटत नाहीत, अशा वेळी ती बुजलेली आहेत. गॅस बारीक केल्यावर ‘भक्’ आवाज होऊन ज्योत आत जात असेल तर बर्नर आपल्या जागी नीट बसलेला नाही किंवा झिजला आहे. बर्नर नुकताच धुतला असेल किंवा हवेत मीठ, धूळ असेल तर क्षणभर नारिंगी ठिणग्या दिसतात. त्याची काळजी नको.

बर्नर कसा धुवायचा

शेगडी पूर्ण थंड होऊ द्या आणि रेग्युलेटर बंद करा. बर्नरची वरची पितळी चकती काढून गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजत ठेवा. पितळ काळवंडले असेल तर चिंच किंवा लिंबू पुरे. जुन्या टूथब्रशने वरून आणि खालून घासा. भोकांत अडकलेली घाण टाचणीने अलगद काढा. दाभण, स्क्रू किंवा जाड तार घालून भोके मोठी करू नका. ती एकदा मोठी झाली की ज्योत कायमची बिघडते आणि मग चकती बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

धुतल्यावर चकती झटकून, पालथी घालून पूर्ण वाळू द्या. भोकांत पाणी राहिले तर ज्योत थुंकत जळते आणि आपल्याला वाटते की साफसफाईने बिघडले. परत बसवताना चकती खाचेत नीट बसली आहे का, डुगडुगत नाही ना, हे बोटाने दाबून बघा. मोठ्या बर्नरची चकती लहानावर आणि लहानाची मोठ्यावर लावू नका.

जेटला मात्र हात लावू नका. त्यात सुई घातली की छिद्र रुंद होते, गॅस जास्त सुटतो, हवा तितकीच राहते आणि ज्योत पिवळी पडते. जेट, नळी आणि काही शेगड्यांना असलेली हवेची झडप हे काम एजन्सीच्या मेकॅनिकचे. त्याला घरी बोलवाल तेव्हा रबरी नळीवरची तारीखही बघून घ्यायला सांगा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सांधा गळतो का हे बघायला साबणाचा फेस लावा, काडी पेटवून कधीही बघू नका. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण दाबू नका आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा.

साफसफाईचा उपयोग झाला का, हे स्वतः तपासता येते. धुण्याआधी मोठ्या बर्नरवर, नॉब पूर्ण उघडून, झाकण ठेवलेल्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर बघा. धुतल्यावर तेच पातेले, तेवढेच पाणी, तोच बर्नर घेऊन पुन्हा बघा. जेट स्वच्छ असेल तर नॉब पूर्ण उघडा असताना मिनिटाला जाणारा गॅस जवळपास ठरलेला असतो. त्यामुळे जेवढी मिनिटे कमी झाली तेवढा गॅस वाचला असे समजायला हरकत नाही.

ज्योत बुडाखाली, झाकण वर

बर्नर सुधारला तरी हात सुधारला नाही तर फायदा अर्धाच. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढत असेल तर ती भांड्याचे कान तापवते, आतला पदार्थ नाही. चहाचे छोटे पातेले मोठ्या बर्नरवर ठेवून गॅस पूर्ण सोडणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली उधळपट्टी. लहान भांडे लहान बर्नरवर ठेवा. लहान बर्नर 6 ते 10 टक्के गॅस कमी घेतो असे पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, ही सरकारी संस्था सांगते. स्वयंपाकाला थोडा वेळ जास्त लागतो एवढेच.

उकळी आल्यावर गॅस बारीक करा. उघड्या पातेल्यातले पाणी एकदा उकळले की 100 अंशांच्या पुढे जात नाही. गॅस मोठा ठेवला तर डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जास्त होते. आणि वाफ फार महाग पडते. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडाले तर त्यात जवळपास दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता खर्च होते. झाकण न ठेवता भाजी शिजवणाऱ्यांनी हा आकडा एकदा लक्षात ठेवावा.

कुकरचेही तेच. पहिली शिट्टी झाली की गॅस मंद करा. पुढच्या शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवलेला कुकर वाफ बाहेर फेकत असतो, डाळ तेवढ्या दाबावर मंद आचेवरही शिजते. साध्या भांड्याऐवजी कुकर वापरला तर भातात 20 टक्के आणि भिजवलेल्या हरभरा डाळीत 46 टक्के इंधन वाचते, असे पीसीआरएचे आकडे आहेत. हरभरे, राजमा, छोले रात्री भिजत घालायला आपल्या आज्या सांगत होत्या, ते पचनासाठी तसेच इंधनासाठीही बरोबर होते. फ्रीजमधले दूध, भिजवलेले पीठ किंवा काल रात्रीची आमटी थेट शेगडीवर न ठेवता थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर पातेल्यात आणि कुकरच्या तळाशी जमला असेल तर तो खरवडा, कारण त्याच्या आडून उष्णता हळू जाते.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. शेगडीवर पंख्याचा झोत येत असेल, खिडकीतून वारा ज्योत आडवी करत असेल, तर भांड्याखालची उष्णता बाजूला जाते. पंखा बंद करा, शेगडी थोडी सरकवा. पण वारा नको म्हणून सगळी दारे-खिडक्या लावून स्वयंपाक करू नका. ज्योतीला हवा हवी आणि आपल्यालाही.

बाजारातल्या युक्त्यांपासून सावध

गॅसच्या नळीवर लावायचे लोहचुंबक विकायला येतात. एलपीजीवर चुंबकाचा असा कोणताही परिणाम होत नाही की तो जास्त उष्णता देऊ लागेल, म्हणून पैसे घालवू नका. बर्नरवर ठेवायच्या जाळ्या आणि कड्या लालबुंद होतात आणि फार काही चालले आहे असे वाटते. पण त्यांनी ज्योतीभोवतीची हवा अडवली तर ज्वलन अपुरे राहते. बर्नर आणि भांडे यांच्यातले अंतर ठरवून शेगडी बनवलेली असते, त्यात घरगुती फेरफार करू नये. नवी शेगडी घ्यायचीच असेल तर आयएसआय खूण आणि बीईईचे तारे बघून घ्या.

सिलिंडर संपत आला की तो आडवा करणे, हलवणे, गरम पाण्यात ठेवणे, या सवयी अजूनही आहेत. सिलिंडर आडवा केला की वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. द्रव एलपीजीचा वायू झाला की तो अडीचशे पटींच्या आसपास फुगतो. शेवटच्या दोन कप चहासाठी हा धोका पत्करू नका.

मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. त्या गॅसचा दाब वेगळा असतो आणि तेवढ्याच आकारमानात मिळणारी उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी असते, म्हणून त्याला वेगळे जेट लागतात. जुन्या शेगडीचे जेट कोणाकडून तरी ड्रिलने रुंद करून घेतले असतील आणि ज्योत तेव्हापासून बिघडलेली असेल, तर गॅस कंपनीच्या माणसाला दाखवा किंवा पाइपच्या गॅससाठी बनवलेली शेगडी घ्या.

शेवटी एवढेच. 14.2 किलोचा सिलिंडर 40 दिवस पुरत असेल तर दिवसाला 355 ग्रॅम गॅस जातो. त्यात 10 टक्के बचत झाली तर तोच सिलिंडर चार दिवस जास्त चालतो. यासाठी खर्च काही नाही, एक रविवार सकाळ आणि घरातल्या सगळ्यांचा थोडा हात लागेल. बर्नर धुणे हे फक्त स्वयंपाक करणाऱ्या बाईचे काम नाही, पुरुषांनीही ते करावे. पुढचा सिलिंडर लावाल त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारीख लिहा, बर्नर त्याच दिवशी धुवा आणि पुढच्या दोन सिलिंडरांचे दिवस मोजा. फरक पडला तर शेजाऱ्यांनाही सांगा.